‘साउंड’ या एका इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साउंड म्हणजे आवाज. यात विचारण्यासारखं काय आहे?

‘साउंड स्लीप’ म्हणजे आवाज करणारी झोप नव्हे, इथपासून सुरुवात करू. घोरणाऱ्याची झोपही साउंड असू शकते, पण ती घोरण्यामुळे नाही. अमेरिकेतलं ‘प्युजेट साउंड’ हा कुठला ध्वनी नाही, तो समुद्राचा आत घुसलेला फाटा आहे. जहाजावरचा खलाशी ‘साउंडिंग’ घेतो तेव्हा तो भोंगा वाजवत नसतो, तळ शोधत असतो. आणि वकील ‘साउंड माइंड’ लिहितात तेव्हा मनात काही वाजतंय असं त्यांना म्हणायचं नसतं.

आवाज, निरोगी, सामुद्रधुनी आणि खोली मोजणे असे चार अर्थ या एका शब्दात दिसतात. खरं तर तो एक शब्दच नाही. चार वेगवेगळे शब्द वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले आणि त्यांचं रूप सारखं झालं.

एकाच शब्दाचे चार अर्थ आणि चार वेगळे शब्द, यात फरक काय? शेवटी लिहिलं तर तेच जातं.

लिहिलं तेच जातं, पण घराणं वेगळं असतं. मराठीतलं ‘पान’ घ्या. झाडाचं पान, वहीचं पान, विड्याचं पान, जेवणाचं पान ही सगळी एकाच ‘पर्ण’ची लेकरं. अर्थ पसरत गेले, शब्द एकच राहिला. पण ‘मद्यपान’, ‘धूम्रपान’ यातलं पान मात्र परकं. ते संस्कृत ‘पा’ म्हणजे पिणे या धातूवरून आलेलं. त्याचा झाडाशी काही संबंध नाही.

कोशकार पहिल्या प्रकारच्या अर्थांना एकाच नोंदीत १, २, ३ असे क्रमांक देतात आणि दुसऱ्या प्रकारात नोंदच वेगळी करतात. इंग्रजी कोशात ‘सेट’ किंवा ‘रन’ पाहिलात तर एकेका नोंदीखाली शेकड्यांनी अर्थ सापडतील. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. पण तो बहुतांशी एकाच खोडाचा फांद्याफांद्यांनी वाढलेला पसारा आहे. ‘साउंड’ची मजा उलटी आहे. अर्थ तुलनेनं थोडे, मुळं मात्र वेगवेगळ्या जमिनींतली.

आवाज या अर्थाचा साउंड कुठून आला?

लॅटिन ‘सोनुस’वरून, फ्रेंच मार्गानं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतरच्या शतकांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. त्यात सोनुसचं फ्रेंच रूप ‘सून’ही होतं. सॉनेट, सोनाटा, रेझोनन्स, सुपरसॉनिक, युनिसन ही सगळी या सोनुसचीच नातलग मंडळी.

आणि त्याचं एक नातं आपल्या ओळखीचं आहे. लॅटिन ‘सोनुस’ आणि संस्कृत ‘स्वन’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. उच्चारशास्त्राला मराठीत स्वनविज्ञान म्हणतात, त्यातला स्वन तोच. हा ओढूनताणून लावलेला संबंध नाही, त्यामागे नियम आहे. जिथे संस्कृतात ‘स्व’ येतो तिथे लॅटिनमध्ये बऱ्याचदा ‘सो’ सापडतो: स्वप्न तिथे ‘सोम्नुस’ म्हणजे झोप, स्वसृ म्हणजे बहीण तिथे ‘सोरोर’, तसंच स्वन तिथे ‘सोनुस’. एखादी जोडी योगायोगानं जुळते, तीन-तीन जोड्या एकाच सुरात जुळल्या की नातं मान्य करावं लागतं.

लॅटिनमध्ये ‘ड’ नाही, फ्रेंचमध्ये नाही, स्वनमध्येही नाही. मग साउंडच्या शेपटीला ‘ड’ कुणी लावला?

जिभेनं. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर हा शब्द ‘ड’शिवायच लिहीत होता. साधारण १३५० ते १५५० या काळात शेवटचा ‘ड’ चिकटला आणि तिथेच राहिला. ‘न’ म्हणताना जीभ दातांमागे टेकलेली असते आणि हवा नाकातून जात असते. नाकाची वाट जिभेच्या आधी बंद झाली की मध्ये आपोआप ‘ड’सारखा ध्वनी निसटतो. मुद्दाम कुणी करत नाही.

इंग्रजीत असे ‘ड’ आणखी आहेत. थंडर म्हणजे मेघगर्जना, हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘थुनोर’ होता. जर्मनमध्ये अजूनही ‘डोनर’ आहे. किंड्रेड (नातलग) आणि स्पिंडल (चाती) यांतही ‘ड’ उपराच. हे वाचून इंग्रजांच्या आळशी जिभेला हसण्याआधी ‘वानर’चं ‘वांदर’ कुणी केलं ते आठवावं. तिथे आपल्या जिभेनं ‘न’ आणि ‘र’च्या मध्ये ‘द’ घुसवला, थुनोरचं थंडर झालं अगदी तसाच.

निरोगी, धडधाकट या अर्थाचा साउंड फ्रेंचच का?

नाही, हा अस्सल घरचा. जुन्या इंग्रजीत ‘गेसुंड’ म्हणजे सुखरूप, निरोगी. पुढे ‘गे’ गळून पडला. जर्मनमध्ये आजही निरोगी म्हणजे ‘गेझुंट’, डचमध्ये ‘गेझोंट’. जर्मन माणूस शेजारच्याला शिंक आली की ‘गेझुंटहाइट’ म्हणतो, म्हणजे आरोग्य लाभो. ‘सेफ अँड साउंड’ या जोडगोळीतला साउंड हाच. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच, आपल्या ‘धडधाकट’ किंवा ‘सहीसलामत’सारखा दुहेरी विणलेला.

मग ‘साउंड अॅडव्हाइस’, ‘साउंड बीटिंग’, ‘साउंड अस्लीप’ यांचं मराठी करताना ‘निरोगी’ कुठेच का बसत नाही?

कारण अर्थ शरीरातून निघून बराच लांब गेला. आधी ‘ज्याला इजा नाही असा’, मग ‘ज्यात खोट नाही असा’, मग ‘ज्यावर भार टाकता येईल असा’ आणि शेवटी नुसतंच ‘पुरेपूर’. पूल साउंड असतो म्हणजे भक्कम असतो. लाकूड साउंड म्हणजे न किडलेलं. सल्ला साउंड म्हणजे विश्वासानं मानावा असा. झोप साउंड म्हणजे मध्ये कुठे न तुटलेली, आपली ‘गाढ’. आणि साउंड बीटिंग म्हणजे काहीही बाकी न ठेवता दिलेला चोप. मृत्युपत्रातल्या ‘साउंड माइंड’साठी तर आपल्याकडे तयार शब्द आहे, ‘अक्कलहुशारीनं’. दस्तऐवजांत ‘राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं’ असं जोडीनंच येतं.

एकाच शब्दासाठी प्रत्येक वेळी वेगळा शब्द शोधावा लागतो म्हणून भाषांतर करणारे वैतागतात. मला तो वैताग आवडतो. एखाद्या भाषांतरात ‘निरोगी युक्तिवाद’ असं वाचायला मिळालं की समजावं, भाषांतरकार कोशातल्या पहिल्या अर्थावरच उतरला.

तर्कशास्त्रात ‘व्हॅलिड’ आणि ‘साउंड’ वेगळे का मानतात?

व्हॅलिड म्हणजे मांडणी बरोबर. साउंड म्हणजे मांडणीही बरोबर आणि जिच्यावर ती उभी आहे ती विधानंही खरी. ‘सगळे पक्षी पोहतात, चिमणी पक्षी आहे, म्हणून चिमणी पोहते’ यात मांडणीला नाव ठेवायला जागा नाही. पहिलं विधानच खोटं आहे. म्हणजे घर नकाशाप्रमाणे बांधलंय, पण पायातला दगड पोकळ. व्हॅलिड आहे, साउंड नाही.

‘साउंड अॅज अ बेल’ मध्ये कुठला साउंड? घंटा म्हणजे तर आवाजच.

या पानावरचा मला सर्वांत आवडता प्रश्न. व्याकरणानं पाहिलं तर इथला साउंड निरोगीवाला: घंटेसारखा निकोप, तडा नसलेला. पण उपमेला घंटाच का निवडली? कारण घंटेत तडा आहे की नाही हे डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळतं. तडा गेलेली घंटा बद्द वाजते. इंग्रजीत दोन वेगळ्या मुळांचे शब्द या एका म्हणीत समोरासमोर येतात आणि एकमेकांना ओळख दाखवतात.

इंग्रजीत हा श्लेष आहे. मराठीत तो सरळ शब्दार्थच आहे. आपण तब्येत ‘ठणठणीत’ म्हणतो. ठणठण हा तर आवाज! ‘खणखणीत’ माणूस, ‘खणखणीत’ नाणं, ‘खणखणीत’ पुरावा. मडकं घेताना टिचकी मारून पाहतात, नाणं दगडावर वाजवून पाहत. जे नीट वाजतं ते धड. या एका अनुभवावरून मराठीनं निकोपपणाचे शब्दच आवाजापासून बनवले. ‘साउंड स्लॅप’साठी तर दुसरा शब्द सुचणारच नाही: ‘सणसणीत’ चपराक. सणसणही आवाजच.

(ठणठणीतला दुसरा चेहराही आहे. विहीर ठणठणीत कोरडी असते, खिशात ठणठण गोपाळ असतो. रिकामं भांडंही वाजतं, तेही जास्तच. हा पैलू इंग्रजी साउंडकडे नाही.)

सामुद्रधुनीला साउंड का म्हणतात? तिथे लाटांचा आवाज होतो म्हणून?

नाही, जरी तो समज पसरलेला असला तरी. हा तिसरा शब्द उत्तरेकडचा. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेत, ‘सुंड’ म्हणजे पोहणं आणि सामुद्रधुनीही. पोहून जाता येईल एवढंच पाणी, असा काहीसा भाव. इंग्रजी ‘स्विम’ आणि हा ‘सुंड’ एकाच मुळाचे आहेत. स्विममधला ‘म’ पुढच्या व्यंजनामुळे ‘न’ झाला, इतकंच.

या सुंडांचा राजा म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधला ‘ओरेसुंड’. इंग्रजीत त्याला नुसतं ‘द साउंड’ म्हटलं तरी चालायचं, इतका तो प्रसिद्ध. हेल्सिंगोर गावाजवळ तो जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. शेक्सपिअरनं हॅम्लेटची गोष्ट जिथे घडवली ते एल्सिनोर हेच. बाल्टिक समुद्रात जायचं तर बहुतेक जहाजांना इथूनच जावं लागे आणि डेन्मार्कच्या राजानं १४२९ पासून इथे जकात बसवली. पुढे मालाच्या किमतीवर जकात घेऊ लागले तेव्हा खोटी, कमी किंमत सांगणाऱ्यांवर नामी तोड काढली होती: किंमत जहाजाच्या कप्तानानं स्वतःच सांगायची, पण सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क राजाचा. ही ‘साउंड जकात’ १८५७ साली आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाली. २००० साली त्याच पाण्यावरून दोन देशांना जोडणारा पूल सुरू झाला.

पुढे इंग्रज दर्यावर्दी जिथे गेले तिथे हा शब्द सढळ हातानं वाटत गेले. जॉर्ज व्हँकूव्हरनं १७९२ मध्ये आपल्या पीटर प्युजेट या अधिकाऱ्याचं नाव प्युजेट साउंडला दिलं. न्यूझीलंडमधला मिलफर्ड साउंड तर सामुद्रधुनी नाहीच. हिमनदीनं कोरलेल्या दरीत समुद्र शिरून झालेली ती चिंचोळी खाडी आहे, काटेकोरपणे बोलायचं तर फियोर्ड. नाव पडलं ते पडलं.

खोली मोजण्याला साउंडिंग म्हणतात. दोरी पाण्यात टाकल्यावर ‘डुबुक्’ होतं म्हणून?

कल्पना छान आहे, पण चूक. हा चौथा शब्द फ्रेंच ‘सोंदे’वरून आला, अर्थ खोली चाचपणे. त्याच्या मागे काय, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एका मते तो लॅटिनमधल्या ‘लाटेखाली’ अशा अर्थाच्या शब्दावरून बनला. दुसऱ्या मते जुन्या इंग्रजीत खोली मोजायच्या काठीला ‘सुंडगिर्ड’ म्हणत, तोच सुंड फ्रेंचांनी उचलला. दुसरं मत खरं धरलं तर तिसरा आणि चौथा साउंड सख्खे भाऊ ठरतात, एक घरीच राहिलेला आणि दुसरा फ्रान्सला जाऊन परत आलेला.

काम कसं चाले? दोरीच्या टोकाला शिशाचं वजन, दोरीवर ठरावीक अंतरावर कातड्याच्या नाहीतर कापडाच्या खुणा. वजनाच्या बुडाला खळगा आणि त्यात चरबी भरलेली. तळाला टेकलं की चरबीला वाळू, चिखल, शिंपले जे असेल ते चिकटून वर येई. कप्तानाला पाणी किती आहे तेवढंच नाही, तर खाली काय आहे तेही कळे, आणि त्यावरून धुक्यातही आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधता येई.

माप होतं फॅदम, सहा फूट. फॅदम म्हणजे मुळात पसरलेले दोन हात, मिठीत मावेल इतकं. आपलं ‘वाव’ हे माप नेमकं तेच. मिसिसिपी नदीवर दोन फॅदम म्हणजे बारा फूट पाणी मिळालं की खलाशी ‘मार्क ट्वेन’ असं ओरडे, म्हणजे बोटीला धोका नाही. सॅम्युएल क्लेमेन्स नावाच्या माजी नावाड्यानं ती आरोळीच टोपणनाव म्हणून घेतली.

१८७२ ते १८७६ या काळात ब्रिटनचं ‘चॅलेंजर’ हे जहाज जगभर दोऱ्या सोडत फिरलं. मार्च १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये त्यांच्या दोरीला ४,४७५ फॅदमवर तळ लागला, म्हणजे आठ किलोमीटरहून खाली. त्या भागातल्या सर्वांत खोल जागेला म्हणून आज ‘चॅलेंजर डीप’ म्हणतात.

पण आता खोली आवाजानंच मोजतात ना? मग संबंध कसा नाही?

शब्दाचा संबंध नाही, कामाचा मात्र जडला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं आणि पाण्याखालचा धोका आधी कळावा म्हणून प्रतिध्वनीचे प्रयोग जोरात सुरू झाले. जर्मनीतल्या अलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्ये प्रतिध्वनीनं खोली मोजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. शोधत होते ते हिमनग, सापडला तळ. १९२५ ते १९२७ दरम्यान ‘मिटिओर’ या जर्मन जहाजानं या पद्धतीनं दक्षिण अटलांटिकचा तळ आखून काढला.

समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. सोडलेला ध्वनी चार सेकंदांनी परत आला तर जायला दोन, यायला दोन, म्हणजे तळ ३,००० मीटरवर. पूर्वी याच कामाला दोरी सोडण्या-ओढण्यात तास जात. या पद्धतीला ‘एको साउंडिंग’ म्हणतात आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की साउंड म्हणजे ध्वनीच. नाही! ध्वनी तिथे ‘एको’मध्ये, म्हणजे प्रतिध्वनीत आहे. साउंडिंग जुनंच, दोरीवालं. पाण्याखालच्या वस्तू ध्वनीनं शोधणाऱ्या यंत्रणेच्या ‘सोनार’ या आद्याक्षरी नावातला ‘सो’ मात्र ध्वनीवालाच.

‘साउंड हिम आउट’ म्हणजे त्याला बोलतं करणं? आणि ‘साउंडिंग बोर्ड’?

पहिला खोलीवाला, दुसरा आवाजवाला. ‘साउंड आउट’ म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते अलगद दोरी सोडून पाहणं. मराठीत ‘मनाचा ठाव घेणं’. ठाव म्हणजे तळच, त्यामुळे उपमा तंतोतंत जुळते. इंग्रजी ‘फॅदम’चंही पुढे असंच झालं: वाव मोजता मोजता त्याचा अर्थ ‘उमगणं’ झाला. आपला ‘थांग लागणं’ त्याच पाण्यातला.

साउंडिंग बोर्ड म्हणजे चर्चमध्ये व्यासपीठावर लावलेला लाकडी छत्रीसारखा फळा, वक्त्याचा आवाज लोकांकडे परतवणारा. आता ज्याच्यापुढे आपले विचार बोलून पाहावेत अशा माणसाला म्हणतात.

‘साउंडिंग रॉकेट’ फार आवाज करतं म्हणून?

आवाज सगळीच रॉकेटं करतात. हे वातावरणाची खोली चाचपतं, फक्त दोरी वर फेकलेली. हवामानाच्या फुग्याखालच्या ‘रेडिओसोंड’ या यंत्राच्या नावातला ‘सोंड’ही त्याच सोंदेच्या घरचा.

देवमासा ‘साउंड’ करतो म्हणजे गातो का?

बुडी मारतो. खोलवर, सरळ खाली. गातो तेव्हा इंग्रजीतही ‘साँग’च म्हणतात.

माशाच्या पोटातही साउंड असतो असं वाचलं.

असतो. माशाच्या हवेच्या पिशवीला इंग्रजीत साउंड म्हणतात, पोहण्याच्या ‘सुंड’वरून. रानडुकरांच्या कळपालाही ‘साउंडर’ म्हणतात. तो आणखी वेगळा फ्रेंच शब्द, त्याला इथे बोलावत नाही.

‘पर्सन’ हा शब्द ‘मुखवट्यातून येणारा आवाज’ यावरून आला, हे खरं का?

‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा, इथपर्यंत खरं. त्यातून आवाज येतो म्हणून तो पर्सोना, ही व्युत्पत्ती खुद्द रोमन पंडितांनी सांगितली, पण ती टिकत नाही. पर्सोनातला ‘ओ’ दीर्घ आहे, आवाजवाल्या शब्दातला ऱ्हस्व. तो शब्द प्राचीन इटलीतल्या इट्रस्कन भाषेतल्या ‘फेर्सू’वरून आला असावा असं मत अधिक मान्य आहे. व्युत्पत्ती जितकी सुबक, तितकी दोनदा तपासावी, हा या धंद्यातला माझा अनुभव.

चारही शब्दांचा उच्चार नेमका एकच कसा झाला? एवढा योगायोग?

अर्धा योगायोग, अर्धा नियम. चारही शब्दांत मुळात ‘उ’ किंवा ‘ऊ’ होता: सून, गेसुंड, सुंड आणि फ्रेंच सोंदेचा इंग्रजीतला अवतार. इंग्रजीत ‘ंड’च्या आधीचा ‘उ’ दीर्घ झाला. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागचे हलले आणि ‘ऊ’चा ‘आउ’ झाला. ‘हूस’चं हाउस झालं, ‘मूस’चं माउस. जर्मन ‘हुंट’ आणि इंग्रजी ‘हाउंड’, जर्मन ‘ग्रुंट’ आणि इंग्रजी ‘ग्राउंड’ ही जोडी पाहिली की बदल डोळ्यांसमोर दिसतो. फ्रेंच पाहुण्याला जिभेनं ‘ड’ बहाल केलाच होता. एकाच चक्कीतून चौघे गेले, पीठ सारखंच निघालं.

जखम या अर्थाचा ‘वूंड’ तेवढा सुटला. आधीच्या ‘व’मुळे त्याचा ऊ हललाच नाही. स्पेलिंग साउंडसारखं, उच्चार जुना.

निर्जन रानात झाड पडलं आणि ऐकायला कुणी नसलं, तर साउंड होतो का?

हवेतली कंपनं म्हणाल तर होतो. कानाला होणारी जाणीव म्हणाल तर नाही. आवाज या एकाच अर्थाच्या पोटात हे दोन अर्थ आहेत आणि वाद त्यांच्यातला आहे, झाडाचा काही दोष नाही.

वाक्यात कुठला साउंड आहे हे पटकन कसं ओळखायचं?

नामाच्या आधी विशेषण म्हणून आला तर बहुधा निकोपवाला. ठिकाणाच्या नावाला चिकटला आणि नकाशावर निळ्या रंगात असला तर पाण्याचा. पुढे ‘आउट’ किंवा आसपास ‘डेप्थ’ असला तर ठाव घेणारा. उरला तो आवाज.

चारही साउंड एका वाक्यात आणता येतील?

येतील. ‘अ साउंड सेलर साउंडेड द साउंड बाय साउंड.’ म्हणजे ठणठणीत खलाशानं आवाजानं सामुद्रधुनीचा ठाव घेतला. इंग्रजीत चार साउंड, मराठीत चार वेगळे शब्द. पण जरा कान देऊन पाहा. ठणठणीतमध्ये ठणठण वाजतेय. सामुद्रधुनीतली ‘धुनी’ म्हणजे संस्कृतात नदी, आणि नदीला ते नाव मिळालं ‘धुनि’वरून, ज्याचा अर्थ गर्जणारी. उरला फक्त ‘ठाव’. तो गप्प आहे.